उधारीवर माल देण्याआधी कंपनीचे कागद वाचा

भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवाला असो की धारावीचा चामडे कारागीर, त्याची खरी अडचण माल विकण्याची नसते, पैसे वसूल होण्याची असते. माल दलालाकडून एका कंपनीकडे आणि तेथून दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे जातो. पैसे अडकले की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. आपला माल शेवटी कोणाच्या नावाने विकला जातो, हेही कारागिराला ठाऊक नसते.

ही साखळी अंधारात राहिली की काय होते, हे २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात दिसले. ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक मरण पावले. त्यांत बहुतेक शिवणकामगार होते. तेथे कोणत्या परदेशी कंपन्यांचे कपडे शिवले जात होते, हे शोधण्यासाठी कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबले वेचावी लागली. नाव सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मागणार कोणाकडे? मोठ्या कंपन्यांनी आपल्या कारखान्यांच्या याद्या जाहीर कराव्यात, या मागणीने त्यानंतर जोर धरला. २०१९ मध्ये अशा याद्या एकत्र करून इंटरनेटवर एक खुली नोंदवही सुरू झाली. २०२२ पासून तिचे नाव ‘ओपन सप्लाय हब’ आहे. प्रत्येक कारखान्याला तेथे स्वतंत्र क्रमांक असतो आणि कोणाच्या यादीत त्याचे नाव आहे, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. परदेशी माल बनवणाऱ्या आपल्या कारखानदारांनी तेथे आपले नाव जरूर शोधावे.

आता आपल्या देशातील कागद पाहू. नव्या गिऱ्हाइकाला उधारी देण्याआधी तीन गोष्टी तपासता येतात.

पहिली, जीएसटी क्रमांक. हा १५ अंकी-अक्षरी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावे आहे, चालू आहे की रद्द झाली आहे आणि विवरणपत्रे भरली जातात की नाही, हे दिसते. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो. गिऱ्हाईक महाराष्ट्रातील नोंदणी सांगत असेल आणि क्रमांक दुसऱ्याने सुरू होत असेल, तर आधी खुलासा मागावा.

दुसरी, कंपनीची नोंद. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा पत्ता, भागभांडवल, संचालकांची नावे आणि शेवटचा ताळेबंद कधीचा आहे, हे कळते. बँकेचे तारण-कर्ज असेल तर तेही दिसते. दोन-तीन वर्षे ताळेबंदच दाखल केलेला नसेल, तर सावध व्हावे.

तिसरी, ताळेबंद. थोडे शुल्क भरून तो पाहता येतो. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी त्यात वेगळी दाखवावी लागतात. १ एप्रिल २०२१ पासून ही देणी वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन वर्षांची की त्याहून जुनी, याचा तक्ताही द्यावा लागतो. जुन्या रकान्यात मोठी रक्कम दिसली, तर तेथे आपल्यासारख्यांचे पैसे अडकले आहेत, असे समजावे. काही रक्कम वादातली असेल तर तीही वेगळी दाखवलेली असते.

हे वाचण्याचा उपयोग कायद्यामुळे वाढतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरल्या दिवशी, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवावी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा लाभ माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. म्हणून केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापारी बंधूंनी वायद्याची तारीख आणि व्याजाची अट बिलावर व करारात स्वतः लिहून घ्यावी.

या खुल्या माहितीला मर्यादाही आहेत. ताळेबंद मागील वर्षाचा असतो. भागीदारी पेढी किंवा एकट्याच्या मालकीचा धंदा कंपनीच्या नोंदवहीत सापडत नाही. तेथे जीएसटीची नोंद आणि बाजारातील चौकशी यांवरच भिस्त ठेवावी लागते. कागद चांगला दिसला म्हणून पैसे बुडणारच नाहीत, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

तरीही अर्ध्या तासाची ही तपासणी वर्षभराच्या हेलपाट्यांपेक्षा स्वस्त आहे. स्वतःला जमत नसेल तर घरातील शिकलेल्या मुला-मुलींकडून करून घ्यावी. पहिला माल कमी द्यावा, चलनावर पोच घ्यावी, आणि मागचे पैसे हाती आल्यावरच पुढचा माल गाडीत चढवावा.