टाकी न लागलेला दगड

टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही आम्हां शिक्षक मंडळींची आवडती म्हण. परंतु आमच्या मंठ्याच्या आसपास कोणत्याहि शिवारांत जावें, लिंबाखालीं शेंदूर फासलेला एखादा तांदळा असतोच. त्याला टाकीचा स्पर्शहि झालेला नाहीं. नाक नाहीं, डोळे नाहींत. तरी वाटसरू वहाणा काढून त्याला हात जोडतो, आणि दहा पावलांवरच्या त्याच जातीच्या काळ्या दगडावर बसून चंची सोडतो!

हा खेडवळ भाबडेपणा, असें म्हणून सुशिक्षितांस मोकळें होतां येणार नाहीं. मुंबईस १९५४ सालीं जन्मलेले व पुढें विलायतेंत स्थायिक झालेले शिल्पकार अनीश कपूर यांनीं १९९० सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत ब्रिटनच्या दालनांत 'व्हॉइड फील्ड' ही कृति मांडली. वालुकाश्माचे ओबडधोबड ठोकळे, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक वाटोळें छिद्र. आंतून दगड पोखरून गडद रंग माखलेला, म्हणून डोकावणारास तळ दिसत नाहीं. नुसता काळोख दिसतो. टाकी येथें चालली आहे, पण ती दिसूं नये अशा बेतानें.

मग या दगडांना अर्थ कोण देतो? कांहीं अंशीं शिल्पकार. परंतु दालन, शेजारची नांवाची पट्टी, आणि येथें पाहण्यासारखें कांहीं आहे या श्रद्धेनें आलेला प्रेक्षक, हेहि देतात. तेच ठोकळे रस्त्याच्या कडेला असते तर गवंड्यानें पायाला घातले असते. यावरून ती कला खोटी ठरते, असें मी म्हणत नाहीं. सर्वलक्षणसंपन्न मूर्तीलाहि आपल्या शास्त्रकारांनीं प्राणप्रतिष्ठा सांगितलीच आहे. कारागिराचें काम संपलें कीं दुसऱ्यांचें सुरू होतें.

भेद आहे तो स्पर्शाचा. प्रदर्शनांतील शिल्पास सहसा हात लावूं देत नाहींत. आपल्याकडे हात लावूनच अर्थ चढतो, आणि दगड झिजतो. पंढरपुरास २०२० च्या जूनमध्यें, टाळेबंदीमुळें दर्शन बंद असतां, विठ्ठलमूर्तीची झीज थांबविण्यासाठीं वज्रलेप करावा लागला. त्या चरणांची झीज टाकीनें केलेली नाहीं. भाविकांच्या हातांनीं आणि कपाळांनीं केलेली आहे.

वणीच्या गडावर याच्या उलट घडलें. कड्याच्या पाषाणांत कोरलेल्या अष्टादशभुजा सप्तशृंगीवर पिढ्यान् पिढ्या शेंदराचे थर चढत गेले. २०२२ सालीं ते काढले, तेव्हां आंतून निराळी मुद्रा प्रगट झाली. खरी कोणती? पुराणवस्तूंचा अभ्यासक म्हणेल, आंतली. पण आपल्या आज्या-पणज्यांनीं नवस बोलतांना जिच्याकडे पाहिलें ती वरची होती, आणि तिला घडविणारा कोणी एक शिल्पकार नव्हता. मूळ पाषाण मोकळा केला हें योग्यच झालें असें माझें मत आहे. तथापि शेंदराच्या त्या थरांस केवळ पुट म्हणणें मला जड जातें. त्याच वर्षीं नवरात्रांत भाविक त्या नव्यानें दिसूं लागलेल्या जुन्या मुद्रेपुढें उभे राहिले.