साधन नवे, मार्गदर्शिका अपुरी; भार पॅकेज सांभाळणाऱ्यांवर

ओरत्तनाडु (तंजावर) : येथील मुक्तांबाळ छत्र दुसरे सरफोजी राजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारले. प्रवाशांना अन्न व निवारा देणाऱ्या अशा छत्रांचा काळ सरला. मात्र तंजावरच्या मराठा राजवटीचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात जतन आहेत. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीचा समावेश झाल्याने असा मजकूर मूळ लिपीतच संगणकावर उतरवण्याचा मार्ग खुला झाला.

तथापि, केवळ युनिकोडमध्ये स्थान मिळाल्याने अक्षर पडद्यावर उमटत नाही; त्यासाठी टंक म्हणजे फॉन्ट लागतो. ‘नोटो सान्स मोडी’सारखे मुक्त टंक लिनक्स वापरणाऱ्यांना पॅकेजच्या रूपाने मिळतात. हे पॅकेज बांधणाऱ्या आणि अद्ययावत ठेवणाऱ्या व्यक्तीस ‘पॅकेज मेन्टेनर’ म्हणतात. यांतील अनेक जण स्वयंसेवक असतात. त्यांच्या हातातील साधने बदलली आणि बदलाची माहिती नीट लिहिली गेली नाही, तर पहिली अडचण त्यांचीच होते.

पुण्यात २०११ व २०१५ मध्ये ज्याच्या परिषदा झाल्या, त्या फेडोरा प्रकल्पाचे उदाहरण घेता येईल. ऑगस्ट २०१७ मध्ये फेडोराने ‘पॅकेज डेटाबेस’ ही जुनी प्रणाली बंद करून ते काम ‘पागुर’ या मंचाकडे वळवले. नवे पॅकेज किंवा शाखा मागण्यासाठी सुरुवातीला स्वतंत्र साधन वापरावे लागले. पुढे ती सोय नेहमीच्या ‘फेडपीकेजी’ आज्ञेत आली. म्हणजे एकाच कामाची रीत अल्पावधीत दोनदा बदलली. अशा वेळी जुनी मार्गदर्शक पाने तशीच राहिली, तर ती मदत करण्याऐवजी दिशाभूल करतात.

पायथन भाषेच्या ‘पायपीआय’ या भांडारात जुलै २०२२ मध्ये याहून मोठा गोंधळ झाला. सर्वाधिक डाउनलोड होणाऱ्या एक टक्का प्रकल्पांना ‘महत्त्वाचे’ ठरवून त्यांच्या मेन्टेनरांना द्विस्तरीय पडताळणी सक्तीची करण्याचा निर्णय जाहीर झाला. हेतू सुरक्षेचा होता. परंतु ‘अॅटॉमिकराइट्स’ पॅकेजच्या विकासकाने तो शिक्का टाळण्यासाठी पॅकेज काढून पुन्हा चढवले. त्यासरशी जुन्या आवृत्त्या नाहीशा झाल्या आणि त्यांवर विसंबलेल्या इतरांचे काम अडले. व्यवस्थापकांनी नंतर त्या आवृत्त्या परत आणल्या. मात्र नियमातील आकस्मिक बदल आणि पॅकेज काढण्याची विचित्र पद्धत यांवर नाराज होऊन विकासकाने त्या पॅकेजची देखभालच थांबवली.

साधन घडवणाऱ्याला त्याचे सर्व बारकावे ठाऊक असतात. त्यामुळे वापरणाऱ्याला काय ठाऊक नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. नव्या साधनाचे गुण सांगणारी यादी पुरेशी नसते. काल जी आज्ञा द्यायची तिच्या जागी आज कोणती, कोणती कृती मागे घेता येणार नाही आणि अडल्यास कोणाला विचारायचे, हे मेन्टेनरला बदलापूर्वीच कळायला हवे. तो मजकूर साधनाशी अपरिचित व्यक्तीकडून तपासून घेतल्यास बऱ्याच उणिवा आधीच उघड होतात.

फेडोरात मेन्टेनर नसलेले पॅकेज ‘अनाथ’ ठरते आणि सहा आठवड्यांत कोणी न स्वीकारल्यास वितरणातून वगळले जाते. लोकप्रिय पॅकेजला नवा वाली लवकर मिळू शकतो. मोजक्याच वाचकांच्या मोडीसारख्या लिपीच्या टंकाला तो मिळेलच, याची खात्री नसते.