आईच्या हातातला 'फिगारो'

वाचणारी बाई रंगवायची म्हटलं की चित्रकार तिच्या हातात कादंबरी देतात, गालावर ऊन पाडतात आणि आपण पुस्तक सोडून तिच्या रूपाकडेच बघत बसतो. रन्वारचं असंच होतं. मेरी कसॅटने १८७८च्या सुमारास रंगवलेली बाई मात्र वर्तमानपत्र वाचते, तेही नाकावर चिमट्याचा चष्मा चढवून.

ही तिची आई, कॅथरीन. अमेरिकेतल्या सुखवस्तू घरातली, फ्रेंच चांगलं जाणणारी. १८७७मध्ये नवरा आणि थोरली मुलगी लिडिया यांच्यासह ती मेरीजवळ पॅरिसला राहायला आली. त्याच वर्षी चित्रकार देगाने मेरीला इम्प्रेशनिस्टांच्या गटात बोलावलं. गटातले पुरुष कॅफे रंगवत; घरंदाज बाईने एकटीने तिथे जाऊन बसायची सोय नव्हती. सरकारी कलाशाळाही १८९७पर्यंत मुलींना बंद. मेरीच्या वाट्याला दिवाणखाना आला, तिने त्याचं सोनं केलं.

कॅथरीनच्या अंगात पांढरा घरगुती झगा आहे. पण निव्वळ पांढरा रंग त्यात शोधावा लागतो. राखाडी, निळसर फटकाऱ्यांनीच तो पांढरा भासतो. एवढ्या फिकट रंगांत गडद चष्मा उठून दिसतो. नजर आधी तिथे जाते, मग कागदावर उतरते. डावीकडच्या आरशात तोच हात आणि तेच वर्तमानपत्र. बाईच्या चित्रात आरसा येतो तो बहुतेकदा तिचं रूप पुन्हा दाखवायला. इथे चेहरा वगळून वाचनच दुप्पट केलंय! वर्तमानपत्राचं नाव आपल्या बाजूने उलटं दिसतं, तरी लागतं: फिगारो.

याच 'फिगारो'त १८७६मध्ये आल्बेर वोल्फ या समीक्षकाने इम्प्रेशनिस्टांना वेड्यांत काढलं होतं. या टोळीत एक बाईसुद्धा आहे, असं म्हणत बेर्त मोरिझोलाही त्याने सोडलं नव्हतं. दोन वर्षांत त्याच कंपूत निघालेल्या दुसऱ्या बाईने ते वर्तमानपत्र आईच्या हाती दिलं. चिमटा मुद्दाम काढलेला असो वा नसो, मला तो आवडतो.

पुढे मेरीचं नाव झालं ते आई आणि लेकरांच्या चित्रांमुळे. त्या गोडव्यापेक्षा मला ही कॅथरीन जवळची वाटते. ओठ घट्ट मिटलेले, नजर ओळींवर. छापलेलं सगळंच तिला पटत असेल, असं काही तोंडावरून दिसत नाही.