मठ, सुटकेस आणि एक मासिकवेडा

पुस्तक छापून झालं, की कच्चे खर्डे, पत्रं, करारमदार कुठे जातात? बहुतेकदा रद्दीत! फ्रान्सच्या ऑलिव्हिए कॉर्पे (१९४९–२०२०) यांनी मात्र याच कागदांना हक्काचं घर दिलं. त्या घराच्या या काही गोष्टी.

मासिकांवरचं मासिक
१९८६ मध्ये कॉर्पे यांनी एक नियतकालिक सुरू केलं: 'ला रव्यू दे रव्यू', म्हणजेच 'नियतकालिकांचं नियतकालिक'. विषय एकच, इतर नियतकालिकं! ती कोणी काढली, कशी चालवली, कशी बंद पडली, सगळं त्यात.

नुसते लेखक नव्हेत
१९८८ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी 'इमेक' हा संग्रह उभारला. त्याच्या पूर्ण फ्रेंच नावातच 'प्रकाशन' हा शब्द आहे. त्यामुळे लेखिका मार्गरीत द्युरास यांच्या हस्तलिखितांइतकाच मान इथे 'हाशेत'सारख्या प्रकाशनसंस्थेच्या दप्तरालाही. पुस्तक घडतं ते अनेक हातांनी, हे संपादकाहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

मालकी तुमची, काळजी आमची
इथे कागद मुख्यतः ठेव म्हणून येतात. मालकी लेखकाची किंवा वारसांची. जतन, यादी आणि अभ्यासकांची सोय इमेककडे.

चर्चमध्ये ग्रंथालय
२००४ पासून इमेकचा मुक्काम नॉर्मंडीत, काँ शहराजवळच्या बाराव्या शतकातल्या आर्देन मठात. मठाच्या चर्चमध्ये आता पुस्तकांची कपाटं आहेत. याच मठात जून १९४४ मध्ये नाझी सैनिकांनी कॅनडाच्या युद्धकैद्यांना ठार मारलं होतं. जिथे माणसं संपवली, तिथेच आज आठवणी जपल्या जातात.

मरणोत्तर आत्मकथन
तत्त्वज्ञ लुई आल्थ्युसर १९९० मध्ये वारले. इमेककडे आलेल्या त्यांच्या कागदपत्रांतलं आत्मकथन १९९२ मध्ये पुस्तकरूपात आलं. संपादकांपैकी एक कॉर्पेच!

सुटकेसमधली कादंबरी
लेखिका इरेन नेमिरोव्स्की १९४२ मध्ये आउश्वित्झमध्ये मरण पावल्या. त्यांची अपुरी कादंबरी लेकींनी सुटकेसमध्ये सांभाळली. २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि तिला रनोदो पुरस्कार मिळाला. तिचं हस्तलिखित इमेककडे आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यावर प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याच्या मांडणीत कॉर्पे होते.

आणखी दोन सुटकेसी
१९८६ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी लेखक ज्याँ जने यांनी दोन सुटकेसी आपल्या वकिलाकडे सोपवल्या. २०२० मध्ये त्यांतल्या कागदांचं प्रदर्शन आर्देन मठात भरलं. त्याच वर्षी कॉर्पे गेले. पण त्या कागदांसाठी घर त्यांनी केव्हाच बांधून ठेवलं होतं.