समुद्रकाठचे दोन दिवस : कास्तकाराच्या कुटुंबासाठी एक बेत

शेतकऱ्यास सुट्टी कसली, असे आमचे पुष्कळ वाचक विचारतील. नोकरदार मनुष्य शनिवार-रविवार जोडून कोठेही जाऊन येतो. गोठ्यातील म्हशीस मात्र वार कळत नाही. अडचण खरी आहे, परंतु ती दूर होण्याजोगी आहे, असे आमचे मत असल्यामुळे परभणी जिल्ह्यातील कुटुंबांसाठी हा बेत येथे देत आहोत.

स्थळ आम्ही हर्णै सुचवितो. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हे लहानसे बंदर होय. परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने खेड, खेडहून एस्. टी. ने दापोली सुमारे ३० किलोमीटर व पुढे हर्णै सुमारे १५, असा मार्ग आहे. गुरुवारी रात्री निघावे, शुक्रवारी सायंकाळी पोहोचावे, शनिवार तेथे घालवावा आणि रविवारी सकाळी परत फिरून मुंबईहून रात्रीची गाडी धरावी. सोमवारी घर गाठता येते. परतीच्या जागा निघण्यापूर्वीच राखून ठेवाव्यात.

काळ जानेवारीचा उत्तरार्ध बरा. तुरीची रास बहुधा घरी आलेली असते आणि ज्वारी-हरभऱ्याची काढणी अद्याप दूर असते. हरभरा बागायती असेल तर पाण्याची पाळी आधी उरकावी. पंचांग पाहून अमावास्या व पौर्णिमा टाळाव्यात, कारण त्या सुमारास समुद्रास उधाण असते. नदीत पोहणाऱ्यानेही समुद्रात स्थानिक लोकांस विचारल्यावाचून उतरू नये.

हर्णैस किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. मोंढ्यातील हर्राशी पाहिलेल्या मनुष्यास तो विशेष बोधप्रद वाटेल. नाशवंत माल त्याच दिवशी विकावयाचा, ही कोळ्याची विवंचना आपल्या भाजीवाल्या शेतकऱ्याचीच आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत १७५५ साली तो तुळाजी आंग्रे यांजकडून घेतला गेला. दापोलीस कोकणचे कृषि विद्यापीठ आहे. आपल्या परभणीच्या विद्यापीठाप्रमाणे तेही १९७२ सालचेच. तेथे पावसाचे मान आपल्या तिपटीहून अधिक आणि जमीन तांबडी, जांभ्याची. म्हणून हापूसचा मोहोर पाहून कलमे आणण्याचा मोह आवरावा. आपल्या काळ्या भारी जमिनीत तो आंबा कोकणासारखा साधत नाही.

आता मुख्य मुद्दा. अशा प्रवासास घरातील पुरुष दोघे-तिघे मिळून जातात आणि धारा काढण्यासाठी गृहिणी मागे राहते, हा परिपाठ आम्हांस मान्य नाही. पेरणी-मळणीस आपण सावड करतो, तीच येथे करावी. शेजारच्या दोन घरांनी आळीपाळीने एकमेकांची गुरे सांभाळावीत. मात्र नव्या हातास जनावर दूध चोरते. यास्तव शेजारणीने आठवडाभर आधीपासून गोठ्यात येऊन धार काढावी व वैरण-पेंडीचे मान समजून घ्यावे. या महिन्यात एका घरच्या बाईने समुद्र पाहावा, पुढल्या वर्षी दुसरीने. इतकी तजवीज होत नसेल, तर बेत पुढे ढकलावा. परंतु तिला वगळून तो पार पाडू नये.