चिखलातली रेस

रेस म्हटली की आपल्याला घोडे नाहीतर टीव्हीवरचे ग्रेहाउंड आठवतात. पण मित्रांनो, पावसाळ्यात संगमेश्वर-लांज्याकडे चक्कर मारा, नांगरणी स्पर्धा बघा! चिखल केलेल्या शेतात नांगराला जुंपलेली एकेक जोडी सोडतात. नांगऱ्या मागे धावतो, स्टॉपवॉच चालू. कमी सेकंद, तो पहिला.

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. १८ मे २०२३ ला महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. आता शर्यतीला कलेक्टरची परवानगी लागते, काठी मारायची नाही.

नांगरणीत गट दोन, घाटी आणि गावठी. हे मस्टच, कारण घाटी बैल अंगाने मोठे, त्यांच्यापुढे आपल्या ठेंगण्या गावठी जोडीला चान्स नाही. पॉवर टिलर आल्यावर ती पोसणार कोण? वेगळं बक्षीस आहे म्हणून तरी काहीजण पोसतील, असं मला वाटतं.