रुई म्हणजे फुलपाखराचं माहेर



घाटकोपरला असल्फाच्या डोंगरउतारावर आम्ही बायका राहतो. घराला घर लागलेलं, अंगण म्हणाल तर दारापुरतं. पायऱ्यांच्या कडेला, भिंतीच्या फटीत रुई मात्र आपसूक उगवते. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी आम्ही तिचीच पानं खुडतो. पानाखाली काळे-पांढरे पट्टे आणि पिवळे ठिपके असलेली अळी दिसली, की पूर्वी आम्ही ती चपलेखाली चिरडायचो. आपण फुलपाखरू मारतोय, हे तेव्हा ठाऊकच नव्हतं.

नारिंगी पंखांचं, काळ्या किनारीचं, टोकाला पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू तुम्ही बांधावर पाहिलं असेल. त्याला प्लेन टायगर म्हणतात. मादी रुईच्या पानावर एकेक अंडं घालते. 3-4 दिवसांत अळी बाहेर येते आणि दोनेक आठवडे पानं खाते. मग ती कोष करून लटकते. पुढच्या आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर पडतं. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. ती रुईच्या जातीच्या, चीक असलेल्या झाडांवरच जगते. तुमच्या वांग्याला, तुरीला तिचा काही त्रास नाही.

म्हणजे फुलांचा रस फुलपाखराला कुठेही मिळेल, पण बाळंतपणाला रुईच हवी. ते त्याचं माहेर. माहेरच उपटून टाकलं तर लेक येणार कुठे?

हे अमेरिकेत घडलं. तिथलं मोनार्क फुलपाखरू याच कुळातलं. हिवाळ्यात ते कॅनडा-अमेरिकेतून मेक्सिकोच्या डोंगरांत जातं, काही तर 4,000 किलोमीटरपर्यंत उडतात. शेतात तणनाशक वाढलं, रुईच्या जातीची झाडं गेली आणि मोनार्क कमी झाले. आता तिथले लोक घरोघरी ती झाडं लावतात. आपल्याकडेही दक्षिण भारतात ब्ल्यू टायगर फुलपाखरं पावसाच्या चालीप्रमाणे पश्चिम घाट आणि पूर्वेकडची मैदानं यांच्यात ये-जा करतात. त्यांची अळी हिरणदोडीच्या वेलावर वाढते. तो वेल कुंपणावर असेल तर राहू द्या.

आपण काय करायचं? उन्हाळ्यात रुईची फळं तडकतात. कापसासारखं बी उडायच्या आत गोळा करा. पहिल्या पावसात बांधाच्या कडेला टोचा. फांदीही लागते, फक्त कापल्यावर चीक सुकू द्या, मग लावा. ऊन भरपूर हवं, पाणी बेताचं. जागा नसेल तर तेलाच्या डब्याला भोकं पाडून हळदीकुंकू लावा. ही लाल-पिवळ्या फुलांची, रुईच्याच कुळातली झुडपं आहेत. ती मूळची बाहेरची, म्हणून कुंडीतच ठेवा, रानात पसरू देऊ नका. शेजारी झेंडू लावलात तर मोठ्या फुलपाखरांना रस मिळेल.

या झाडांवर औषध फवारू नका. माळेसाठी पानं खुडताना आधी उलटून बघा. अंडं किंवा अळी असेल तर ते पान झाडावरच राहू द्या. मारुतीराया रागावणार नाही.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. झाड लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब लावा, पानं तोडल्यावर साबणाने हात धुवा. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा.

ठाण्याजवळ ओवळ्याला राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या वाडीत अशीच झाडं लावून फुलपाखरांची बाग उभी केली आहे. आमच्याकडे वाडी नाही, तुमच्याकडे बांध आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना वाटेतली एक रुई बघून या आणि तिच्या पानाखाली काय दिसलं, ते एकमेकींना सांगा.